गंगथडीचें देणें

जुन्या मित्राकडे जावयास निमित्त लागत नाहीं, असें तरुणपणीं वाटे. सत्तरी ओलांडल्यावर माझा अनुभव उलट झाला आहे. कोणाच्या मुलाचें लग्न, नातवाचें बारसें, नाहीं तर कोणाचा तेरावा, असें कांहीं तरी बोलावणें आल्यावांचून पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाहीं. आणि अशा प्रसंगीं मित्र भेटतो तोहि घाईंतला, घामाघूम झालेला, 'जेवलास का?' एवढें विचारून पुढच्या पंगतीकडे वळणारा. गेल्या पन्नास-बावन्न वर्षांत माझ्या गंगथडीच्या मित्राला मी चार वेळां भेटलों असेन. चारी वेळां आम्हीं एकमेकांना जेवणाखेरीज दुसरें कांहीं विचारलें नव्हतें.

'गंगथडी' हें आम्हीं त्याला दिलेलें नांव. बीड जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन वांटे केले आहेत. दक्षिणेकडे बालाघाटचा डोंगराळ, मुरमाड भाग. आणि उत्तरेकडे गोदावरीच्या कांठानें पसरलेली काळी, सपाट जमीन. ह्या उत्तरेच्या सपाटीला तिकडे गंगथडी म्हणतात, कारण त्या लोकांची गंगा काशीला नसून दाराशींच आहे. १९७० सालीं औरंगाबादेस वसतिगृहांत तो माझ्या खोलींत राहावयास आला, तेव्हां पहिल्याच रात्रीं 'आमच्या गंगथडीला' हे शब्द त्यानें इतक्या वेळां उच्चारले कीं, दुसऱ्या दिवशीं त्याचें तेंच नांव पडलें. मला तो 'मास्तर' म्हणे. कारण दुसऱ्यांच्या चुका काढण्याची मला तेव्हांपासून खोड होती. पुढें मी खरोखरच मास्तर झालों. तो काय झाला, तें आतां सांगतों.

२०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत असा पाऊस कोसळला कीं, ज्या गांवांचीं नांवें एरवीं पाण्याच्या टँकरसंबंधीं छापून येतात तीं गांवें पाण्यांत उभीं असलेलीं आम्हीं पुण्यांत बसून पाहिलीं. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा, सगळ्याच नद्या पात्र सोडून निघाल्या होत्या. गोदावरीहि फुगली होती. मीं मित्राला फोन केला.

"मी बरा आहे," तो म्हणाला. "घरात गुडघाभर पाणी आलं होतं. मागची भिंत बसली. कापूस गेला. पेटी तेवढी भिजली, त्याचं वाईट वाटतं."

"कसली पेटी?"

"पुस्तकांची. बी. ए.ची."

मीं फोन खालीं ठेवला आणि बराच वेळ खुर्चींत बसून राहिलों. ज्या परीक्षेला तो बसलाच नाहीं, तिचीं पुस्तकें त्यानें बावन्न वर्षें जपून ठेवलीं होतीं. आणि त्या परीक्षेला तो कां बसूं शकला नाहीं, हें खरें कारण जगांत एकाच माणसाला ठाऊक होतें. तो माणूस मी होतों.

दिवाळी होऊन गेल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभीं, भाच्याला मोटार काढावयास लावली. अप्पा बळवंत चौकांतून सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चा संच घेतला होता. इतिहास हा मित्राचा विषय. भिजलेल्या पुस्तकांच्या जागीं कोरीं पुस्तकें नेऊन दिलीं म्हणजे आपलें काम झालें, असा एक अर्धवट विचार त्या खरेदीमागें होता, हें कबूल केलें पाहिजे. शिरूर मागें पडलें, पूर्वीचें अहमदनगर आणि आतांचें अहिल्यानगर आलें. तेथून बीडपर्यंत आगगाडी त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला सुरू झाली होती. १९९५ मध्यें मंजूर झालेला हा मार्ग. बीडला रेल्वे येणार, ही गोष्ट ऐकत एक पिढी म्हातारी झाली. भाच्याला मात्र गाडीचें कौतुक नव्हतें. त्याचा सगळा विश्वास हातांतल्या फोनवरच्या नकाशावर, आणि तो नकाशा बोलतो तें मराठी ऐकून मला घडोघडी हंसूं येई.

पाथर्डीच्या बाजूला वळल्यावर समोरून ट्रॅक्टर येऊं लागले. एका ट्रॅक्टरमागें दोन दोन गाड्या जोडलेल्या, आणि त्यांवर अख्खे संसार रचलेले. ज्वारीचीं पोतीं, भांडीं, बाजा, बांधलेल्या गोधड्या, कोंबड्यांचें खुराडें, एखादी शेळी. आणि ह्या सगळ्यावर माणसें, अंगावर शाल ओढून पाठीला पाठ लावून बसलेलीं. हे बीडकडचे ऊसतोड मजूर. दसरा-दिवाळी झाली कीं हे लोक पश्चिमेकडच्या साखर-कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परततात. नवरा-बायकोच्या एका जोडीला त्या धंद्यांत 'एक कोयता' म्हणतात. मुकादम आगाऊ उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत कोयत्यानें ऊस तोडावयाचा. माणसांचें नांव जाऊन हत्याराचें नांव राहावें, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीनें कोणी 'लक्षणा' म्हणून मुलांना शिकवील. मींहि वर्गांत अशींच उदाहरणें दिलीं असतील. आम्ही पूर्वेला जात होतों आणि समोरून जिल्हा पश्चिमेला चालला होता. एका गाडीवर सातआठ वर्षांची एक मुलगी शाळेचें दप्तर मांडीवर घेऊन बसलेली दिसली. भाचा म्हणाला, "मामा, ही तिकडं शाळेत जाईल?" मीं त्याला पुढें पाहून चालव म्हणून सांगितलें.

कारण माझ्या डोळ्यांपुढें आतां १९७२ साल उभें राहिलें होतें. त्या दुष्काळाचें नांव काढलें म्हणजे माझ्या वयाच्या मराठवाड्यांतील माणसाला लाल मिलोची भाकरी आठवते. परदेशांतून आलेली ती ज्वारी रेशनवर मिळे, आणि दुष्काळी कामांवर सुकडी वांटली जाई. मला हें सारें ऐकून ठाऊक. माझे वडील सरकारी नोकर; पाऊस पडो न पडो, पहिल्या तारखेला पगार होई. मित्राचें घर शेतीवरचें. शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टींत तो गांवीं गेला तो परत आला नाहीं. वडील आजारी, एक बैल विकलेला, दुसरा दावणीला उपाशी. तो आणि त्याची आई पाझर-तलावाच्या कामावर मातीचीं घमेलीं वाहूं लागलीं. जानेवारींत त्याच्याकडून मला चाळीस रुपयांची मनिऑर्डर आली. कुपनावर तीन ओळी होत्या: परीक्षेचा फॉर्म भर, हजेरीचें सरांशीं बोलून ठेवलें आहे, मार्चांत येतों.

मीं फॉर्म भरला नाहीं. मनांत द्वेष नव्हता, हेवा नव्हता. कांहींच नव्हतें, आणि तेंच मला पुढें जड गेलें. द्वेष असता तर निदान त्याचा पश्चात्ताप करतां आला असता. मुदतीला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत आम्ही चौघे अजिंठ्यास जाऊन आलों, दोन चित्रपट पाहिले, आणि चाळिसांतले सतरा-अठरा रुपये केव्हां गेले तें कळलें नाहीं. घरून पैसे आले कीं त्यांत घालूं, असा हिशेब होता. घरचे पैसे आले ते मुदत टळल्याच्या दुसऱ्या दिवशीं. विलंबाचा आकार भरून फॉर्म घेत असत. तेवढी रक्कमहि आतां माझ्याजवळ होती. पण त्यासाठीं प्राचार्यांची सही लागे, आणि सही मागतांना उशीर कां झाला तें सांगावें लागलें असतें. मी गेलों नाहीं. मित्राला लिहिलें कीं, हजेरी कमी पडल्यामुळें कचेरीनें फॉर्म नाकारला. पैसे भेटीअंतीं देईन. उलट टपालीं त्याचें कार्ड आलें: बरें झालें, येथें कामच इतकें आहे कीं मार्चांत येणें झालें नसतें, तूं नीट अभ्यास कर. तें कार्ड मीं फाडून टाकलें. पैसे दिलेच नाहींत. आणि त्यानें ते कधीं मागितले नाहींत.

पाडळशिंगीवरून गेवराईच्या बाजूला वळलों आणि जमीन एकदम सपाट झाली. डोळ्याला अडवील असें कांहीं नाहीं. काळ्या रानांतून पुराचा गाळ सुकून भेगाळलेला, कपाशीचीं झाडें उभ्यानें काळवंडलेलीं, तारांच्या कुंपणांना वाहून आलेला पालापाचोळा अजून चिकटलेला. एकीकडे गव्हाची पेरणीहि चालली होती. मित्राचें गांव मोठ्या रस्त्यापासून आंत, नदीच्या बाजूला. भाच्याच्या नकाशानें आम्हांला दोनदां एकाच मारुतीच्या देवळापाशीं आणून सोडलें. शेवटीं एका गुराख्यानें काठीनें वाट दाखविली.

"आला का मास्तर!" तो दारांतच उभा होता. "वाटेत काही खाल्लं नाही ना?"

माळवदाचें जुनें घर, पुढें पत्र्याची पडवी. मागच्या पडलेल्या भिंतीच्या जागीं ताडपत्री लावलेली. वहिनींनीं पाण्याचा तांब्या पुढें केला. "भाऊजी, हातपाय धुवा, भाकरी तव्यावर आहे." ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलें आणि कांदा. भाचा पुण्यांत पोळी मोजून खाणारा. त्यानें तीन भाकरी खाल्ल्या, आणि वहिनींनीं चौथी वाढली तेव्हां नको म्हणाला नाहीं. थोरला मुलगा पुण्याला एका कारखान्यांत, धाकटा शेतावर, एक नातू गेवराईला कॉलेजांत. ही सगळी हकीकत जेवतांजेवतां झाली. गांवांत ज्याला सात-बाराचा उतारा वाचून समजत नाहीं तो ह्याच्याकडे येतो, कर्जाचा कागद आला तर ह्याच्याकडे येतो, हेंहि वहिनींनींच सांगितलें. तो नुसता हंसला.

जेवण झाल्यावर त्यानें पुस्तकें दाखविलीं. पडवींतल्या बाजेवर तीं ओळीनें मांडलेलीं होतीं. पुरानंतर महिनाभर तो त्यांच्या पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून उन्हांत ठेवीत होता. वाळलीं होतीं, पण फुगून दुप्पट झालेलीं, पानें लाटांसारखीं वांकलेलीं. समासांतल्या शाईच्या टिपणांचे निळे डाग पसरलेले. मीं माझा कोरा संच पुढें ठेवला. त्यानें एकएक भाग हातांत घेतला, बांधणी पाहिली, किंमत विचारली, "फार महाग झालीत पुस्तकं," म्हणाला, आणि सगळे भाग नीट उचलून कोनाड्यांत ठेवले. बाजेवरचीं होतीं तशींच राहिलीं.

उन्हें कलल्यावर आम्ही दोघे राक्षसभुवनाकडे निघालों. वाटेंत पैठणच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावरून बोलणें निघालें, आणि तो लगेच रंगांत आला. "धरणाला जायकवाडी का म्हणतात, ठाऊक आहे का मास्तर? जायकवाडी आमच्या बीड जिल्ह्यातलं गाव. पहिला बेत धरण तिथं बांधायचा होता. मग धरण गेलं वर पैठणला, आणि नाव राहिलं आमचं." १९६५ मध्यें त्याची कोनशिला बसली आणि १९७६ मध्यें तें पुरें झालें, हेंहि त्यानें तारखांसह सांगितलें. मीं आयुष्यभर वर्गांत बोललों, पण इतक्या चवीनें तारीख सांगणारा माणूस मला फारसा भेटला नाहीं.

नदीवर पोहोंचलों तेव्हां ऊन नव्हतें. पाणी आतां पात्रांत उतरलें होतें, पण कांठावर पुरानें टाकलेल्या वाळूचे आणि गाळाचे ढीग. शनीच्या देवळाकडून कोणी घंटा वाजविली. त्यानें काठीनें वाळूवर एक आडवी रेघ ओढली, ती गोदावरी. १७६३ सालीं निजामअल्लीनें पुणें लुटलें आणि जाळलें. त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत तो औरंगाबादेकडे परतत असतां ह्या उतारावर आला. कांहीं फौज घेऊन तो स्वतः पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह ह्या कांठावर राहिला. आणि मध्यें नदी भरून वाहूं लागली. १० ऑगस्टला अठरा वर्षांचे माधवराव पेशवे आणि राघोबादादा ह्या कांठावरच्या फौजेवर येऊन पडले. विठ्ठल सुंदर ठार झाला.

"निजाम पलीकडं उभा होता," काठीचें टोंक रेघेपलीकडे टेंकून तो म्हणाला. "आपल्या माणसांच्या आरोळ्या त्याला ऐकू येत असतील. पण पाण्यात उतरता येईना. सर हे असं सांगायचे, आठवतं? मला वाटायचं, ते स्वतः बघून आलेत."

सरांचें नांव त्यानें काढलें, आणि मला पुढें थांबवेना. "तुझा फॉर्म कचेरीनं नाकारला नव्हता," मीं म्हटलें. "मी तो भरलाच नव्हता."

मग सगळें सांगितलें. अजिंठा, चित्रपट, सतरा-अठरा रुपये, प्राचार्यांची सही. पन्नास वर्षें जी गोष्ट मनांत एवढी जागा अडवून बसली होती, ती सांगावयास पांच मिनिटेंहि लागलीं नाहींत.

तो वाळूकडे पाहत होता. बऱ्याच वेळानें त्यानें विचारलें, "आणि हजेरी?"

"हजेरीचं काही नव्हतं. तुला ठेवायला ते मी लिहिलं."

"म्हणजे सरांनी हजेरी लावली होती."

"लावली असेल. मी विचारलंच नाही."

"लावलीच होती," तो म्हणाला. "मला शब्द दिला होता त्यांनी. तू काम कर, हजेरीचं मी बघतो, म्हणाले होते." तो पुन्हां गप्प झाला. मग म्हणाला, "नंतर एकदा सर गेवराईला व्याख्यानाला आले होते. माझी चौकशी केली म्हणे त्यांनी. निरोप पाठवला. मी गेलो नाही. मला वाटलं, शब्द फिरवला माणसानं, आता कशाला तोंड बघायचं."

हें मला ठाऊक नव्हतें. मीं मनांत जो हिशेब मांडला होता त्यांत देणेकरी मी आणि धनको तो, असे दोघेच होते. तिसरें नांव त्यांत कधीं आलेंच नव्हतें. सर जाऊन वीस वर्षें होऊन गेलीं. शोकसभेला मी गेलों होतों. भाषणहि केलें होतें.

"तेव्हा कळलं असतं," तो म्हणाला, "तर तुझंही तोंड पाहिलं नसतं."

"आणि आता?"

"आता अंधार पडलाय. चल. पायाखाली बघून चाल, पुरानं इथं खड्डे पाडलेत."

रात्रीं जेवतांना तो माझ्याशीं फारसें बोलला नाहीं. भाच्याला मात्र मोटार एका लिटरला किती जाते, टायर कितीला पडतो, असें विचारीत होता. मला पडवींत बाज दिली होती. मध्यरात्रीं जाग आली तेव्हां तो विजेरी घेऊन पुस्तकांपाशीं बसलेला दिसला. तो एकेक पुस्तक उघडून पहिलें पान पाहत होता. मीं झोंप लागल्याचें सोंग केलें. तेंहि त्याच्या ध्यानांत आलें असावें.

सकाळीं निघण्याची तयारी झाली. चहाची बशी खालीं ठेवून तो म्हणाला, "मास्तर, ते चाळीस रुपये?"

मला वाटलें थट्टा करतो. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. मीं पाकीट उघडलें. त्यांत सगळ्या पांचशेंच्या नोटा. एक पुढें केली. "चाळीस," तो म्हणाला. व्याजाचें मीं कांहीं तरी पुटपुटलों, तिकडे त्यानें लक्षच दिलें नाहीं. भाच्यानें फोन काढून फोनवरून पाठवितों म्हटलें. "फोनवर नको. हातात दे." शेवटीं धाकट्याच्या मुलाला नोट मोडून आणण्यासाठीं किराणा दुकानांत पिटाळलें. तो येईपर्यंत आम्ही चौघेहि पडवींत उभे, कोणी बोलेना. मुलगा आला. मित्रानें पैसे मोजले, चारशें साठ माझ्या हातांत दिले, आणि विसाच्या दोन नोटा वहिनींच्या हातीं देत म्हणाला, "हे ठेव. आबांच्या शेळीचे आले."

वहिनींना अर्थ कळला नाहीं. त्यांनीं नोटा कनवटीला लावल्या आणि आमच्यासाठीं बांधलेले धपाटे आणावयास आंत गेल्या. ते चाळीस रुपये शेळी विकून आलेले होते, हें मीं तेव्हां प्रथम ऐकलें.

मोटार सुरू झाली आणि तो खिडकीशीं आला. हातांत कापडांत गुंडाळलेलें पुस्तक होतें. "हे सरांचं. वाचायला दिलं होतं, दिवाळीच्या सुट्टीत. परत करायचं होतं. मग रागानं केलं नाही. सरांचा मुलगा पुण्याला असतो म्हणतात. त्याला शोध आणि नेऊन दे."

"देतो."

"नुसतं देऊ नको. का राहिलं, तेही सांग. तू सांग."

मीं मान हलविली. "त्या जागी तुझी रियासत राहील," तो म्हणाला आणि मोटारीच्या टपावर थाप मारून मागें सरला.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत पुस्तक मांडीवर तसेंच होतें. त्याला ओल्या मातीचा वास येत होता. समोरून आतां ट्रॅक्टर येत नव्हते. ते आमच्याच दिशेनें चालले होते, आणि भाचा एकेकाला मागें टाकीत होता. मीं कापड सोडलें. पहिलें पान सुटायला तयार नव्हतें. नखानें हळूच सोडविलें, तेव्हां शाई पसरून निळ्या पडलेल्या डागांत सरांची सही दिसली.

"कोणाचं आहे, मामा?" भाच्यानें विचारलें.

मीं त्याला सरांचें नांव सांगितलें आणि पुण्यांत त्यांच्या मुलाचा पत्ता कसा काढावा, हें त्यालाच विचारूं लागलों.